वर्गाच्या आधी घडणारा तास

दोन शेतं शेजारीशेजारी आहेत. मधला बांध सरळ नाही, एका ठिकाणी तो कोपरा करून वळला आहे. दोन्ही मालकांना तो सरळ करून हवाय. अट एकच: कोणाचीही जमीन तसूभर कमी होता कामा नये आणि जास्तही होता कामा नये. तर मग नवा बांध कुठून कुठे घालायचा?

आपल्याकडे बांधावरून पिढ्यान् पिढ्या कोर्टकचेऱ्या चालतात, त्यामुळे हा प्रश्न एखाद्या तलाठ्यापुढे आलेला असेल असं वाटेल. प्रत्यक्षात तो आला जपानमधल्या एका आठवीच्या वर्गापुढे. १९९४-९५ च्या सुमारास 'टिम्स' या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा भाग म्हणून जर्मनी, जपान आणि अमेरिका या तीन देशांतल्या आठवीच्या गणिताच्या २३१ तासांचं चित्रीकरण झालं. त्यातला हा तास पुढे जगभरच्या शिक्षकांनी पाहिला. आपणही तो सावकाश पाहू, कारण त्यात वरवर काहीच विशेष घडत नाही आणि तरीही पाहणारा थक्क होतो.

तासाच्या सुरुवातीला शिक्षक आदल्या दिवशीच्या भागाची उजळणी करतात. दोन समांतर रेषा, खालच्या रेषेवर त्रिकोणाचा पाया, वरच्या रेषेवर शिरोबिंदू. शिरोबिंदू त्या रेषेवर कुठेही सरकवला, तरी पाया तोच आणि उंचीही तीच, म्हणून क्षेत्रफळ तेवढंच राहतं. आपल्या शाळेतही हे शिकवतात. मग ते फळ्यावर वाकड्या बांधाची आकृती काढतात आणि प्रश्न टाकतात. पहिली तीन मिनिटं प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा. त्यानंतर ज्याला हवं त्याने मित्राशी बोलावं, ज्याला हवं त्याने शिक्षकांकडे यावं, आणि तरीही वाट सापडत नसेल तर सूचनांची कार्डं ठेवली आहेत, ती पाहावीत.

उत्तर असं. बांधाची दोन्ही टोकं शेतांच्या कडांवर आहेत, एक वरच्या कडेला, दुसरं खालच्या. ती दोन टोकं सरळ रेषेने जोडा. मधला कोपरा आणि ही दोन टोकं मिळून एक त्रिकोण झाला. आता कोपऱ्यातून त्या जोडरेषेला समांतर रेषा काढा. ती शेताच्या कडेला जिथे भेटते तिथे कोपरा सरकवा. त्रिकोणाचा पाया बदलला नाही, उंची बदलली नाही, म्हणजे क्षेत्रफळही बदललं नाही. मात्र कोपरा कडेवर गेल्यामुळे बांध सरळ झाला. आणि ती समांतर रेषा वरच्या कडेलाही भेटते, खालच्याही, त्यामुळे उत्तरं दोन येतात. वर्गातली वेगवेगळी मुलं वेगवेगळ्या वाटांनी या उत्तरांपाशी पोचतात, फळ्यापाशी येऊन समजावून सांगतात, आणि त्यानंतरच शिक्षक पुढचा प्रश्न देतात: चौकोनाचं क्षेत्रफळ न बदलता त्याचा त्रिकोण करता येईल का?

मला सर्वांत जास्त विचार करायला लावलं ते त्या कार्डांनी. ती तासाच्या आधी लिहिलेली होती. म्हणजे मुलं कुठे अडतील, अडल्यावर त्यांना किती मदत द्यायची आणि किती द्यायची नाही, हे कोणीतरी आधी बसून ठरवलं होतं. उजळणीसाठी नेमकी कोणती आकृती घ्यायची हेसुद्धा ठरलेलं होतं: प्रश्नाची किल्ली तिच्यात आहे, पण ती किल्ली आहे हे तिथे सांगितलेलं नाही. एकट्याने विचार करण्यासाठी तीन मिनिटं का? कारण त्याहून कमी वेळात मूल प्रश्नाशी झटापट करत नाही, आणि फार जास्त वेळ दिला तर अडलेलं मूल हिरमुसून बसतं. मुलांनी स्वतः शोधलं असं वाटणाऱ्या या तासाखाली नियोजनाचे केवढे थर आहेत! आणि मुलांनी खरोखरच स्वतः शोधलेलं असतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणं, हेच मला तासाच्या नियोजनाच्या विद्येतलं खरं नवल वाटतं.

त्या चित्रीकरणाच्या आधारे जेम्स स्टिग्लर आणि जेम्स हीबर्ट यांनी १९९९ मध्ये 'द टीचिंग गॅप' हे पुस्तक लिहिलं. मुलं जागेवर बसून स्वतःचं काम करत असताना त्यांचा वेळ कशात जातो, हे त्या अभ्यासात मोजलेलं होतं. जपानमध्ये त्यातला सुमारे ४४ टक्के वेळ नवी रीत शोधण्यात आणि विचार करण्यात जात होता. जर्मनीत हे प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास, आणि अमेरिकेत १ टक्क्याहूनही कमी. तिथली मुलं जवळजवळ सगळा वेळ शिकवलेल्या रीतीचा सराव करत होती. हा फरक फक्त जपानी स्वभावाचा किंवा शिस्तीचा असता, तर आपल्याला त्यातून शिकण्यासारखं फार काही उरलं नसतं. पण तो बऱ्याच अंशी कागदावर, वर्गाच्या आधी घडतो.

जपानी शिक्षकांच्या त्या कागदाला 'शिदोआन' म्हणतात. आपलं पाठ टाचण, म्हणा ना. त्यात साधारणपणे उभे रकाने असतात. एकात शिक्षक काय विचारणार, एकात शिक्षकाने कशावर लक्ष ठेवायचं, आणि मध्ये एक रकाना असतो, मुलांकडून काय येईल याचा. हा रकाना 'मुलं योग्य उत्तर देतील' असं लिहून भरता येत नाही. त्यात येऊ शकणाऱ्या सगळ्या वाटा लिहायच्या: बरोबर रीत, लांबची रीत, अर्धवट रीत, आणि चुकीची रीतसुद्धा, ती मुलाला कशामुळे बरोबर वाटेल या कारणासह. मग प्रत्येक वाटेपुढे लिहायचं, की मूल इथे आलं तर मी त्याला काय विचारेन. शिक्षक तास घेतात तेव्हा बाकांमधून फिरताना याच यादीशी मुलांच्या वह्या ताडून पाहतात आणि कोणाला आधी फळ्यापाशी बोलवायचं, कोणाला नंतर, हे ठरवतात. तेव्हा फिरता फिरता ते फक्त वह्या तपासत नसतात, पुढच्या चर्चेची मांडणीही करत असतात.

हे किती खोलवर जातं ते पाहायचं तर पहिलीच्या वर्गात जाऊ. वजाबाकी शिकवायची आहे, दशक सुटा करून. पहिलं उदाहरण कोणतं द्यायचं? आपल्याला वाटेल, कोणतंही द्या, काय फरक पडतो. माकोतो योशिदा यांनी हिरोशिमा भागातल्या एका प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांची अशी तयारी जवळून पाहून लिहून ठेवली. क्लेआ फर्नांडेझ यांच्यासोबतचं त्यांचं पुस्तक २००४ मध्ये आलं. त्यात शिक्षक एका वजाबाकीत कोणते आकडे घ्यायचे यावर तपशिलात चर्चा करताना दिसतात. आपणही तशी चर्चा करून पाहू.

समजा १२ − ३ दिलं. मूल बोटं मोडत तीन पावलं मागे येईल: अकरा, दहा, नऊ. झालं. दशक फोडायची गरजच पडली नाही, म्हणजे जे शिकवायचं होतं ते वर्गात आलंच नाही. समजा १५ − ८ दिलं. काही मुलं आधी पाच काढतील, दहावर येतील, मग उरलेले तीन काढतील. काही मुलं दहातून आठ काढतील, दोन उरतील, त्यात पाच मिळवतील. दोन्ही रीती सारख्याच सोप्या, सारख्याच अवघड. आता १३ − ९ घ्या. मागे मोजत जायचं तर नऊ पावलं, वाटेत चुकण्याची हमखास शक्यता. आधी तीन काढून दहावर यायचं तर पुढे सहा काढायचे उरतात, आणि नवाचे तीन आणि सहा असे भाग लहान मुलाच्या मनात पटकन पडत नाहीत. पण नऊ दहाच्या अगदी शेजारी आहे. दहातून नऊ गेले, एक उरला. एक आणि तीन चार. आकडाच मुलाला हळूच दशकाकडे ढकलतो. जपानी पाठ्यपुस्तकांत सलामीला १३ − ९ सारखी उदाहरणं दिसतात ती यामुळे. आधी दहातून वजा करून मग मिळवण्याच्या रीतीला आणि दोनदा वजा करत जाण्याच्या रीतीला तिथल्या शिक्षकांच्या भाषेत स्वतंत्र नावं आहेत, 'गेन्काहो' आणि 'गेन्गेन्हो'. सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यातल्या दोन वाटांना एका व्यवसायाने रीतसर नावं द्यावीत, याने मला फार आनंद होतो. नाव असलं की त्या वाटेबद्दल बोलता येतं, वाद घालता येतो, पुढच्या पिढीला ती सांगता येते.

पण हेच टाचण उचलून नंदुरबारच्या किंवा सिंधुदुर्गातल्या झेडपीच्या शाळेत जसंच्या तसं वापरता येईल का? येणार नाही. जपानी मूल तेराला 'जू-सान' म्हणतं, म्हणजे दहा-तीन. दशक आणि सुटे दोन्ही त्याच्या तोंडातच आहेत. मराठी मुलाच्या 'तेरा'त दहा कुठे दिसत नाहीत. ते त्याला आधी दाखवावे लागतात, दहा काड्यांचा गठ्ठा बांधून आणि शेजारी तीन सुट्या ठेवून. पुढे एकोणतीस आलं की ऐकू येतात तीस, आणि मूल ३९ लिहून बसतं. म्हणून मराठी शिक्षकाच्या मुलांच्या प्रतिसादाच्या रकान्यात जपानी शिक्षकाला कधीच लिहाव्या न लागणाऱ्या ओळी येतील.

इथे २०१९ चा वाद आठवतो. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक', बासष्टच्या जोडीला 'साठ दोन' अशी वाचनाची रीत दिली गेली. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. महाराष्ट्रभर गदारोळ झाला, विधिमंडळापर्यंत विषय गेला. मराठी भाषा मोडली जातेय, असं अनेकांना मनापासून वाटलं, आणि भाषेवरच्या त्या प्रेमाचा मला आदर आहे. तरीही माझं मत समितीच्या बाजूने आहे. मूल कुठे अडखळतं हे हेरून त्या ठिकाणी एक पायरी जास्तीची घालणं, हेच तर नियोजन. 'एकवीस' कोणी काढून घेतलं नव्हतं.

आता थोडा इतिहास, कारण त्यात एक विलक्षण गाठ आहे. डी.एड. किंवा बी.एड. केलेल्या मराठी शिक्षकाला 'हर्बार्टची पंचपदी' नव्याने सांगावी लागत नाही: पूर्वतयारी, सादरीकरण, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. योहान फ्रीड्रिश हर्बार्ट (१७७६ ते १८४१) हे जर्मन तत्त्वज्ञ. १८०९ मध्ये ते क्योनिग्सबर्ग विद्यापीठात, एकेकाळी इमॅन्युएल कान्ट ज्या पदावर होते त्या पदावर गेले. नवं ज्ञान मनात आधीपासून असलेल्या कल्पनांना जाऊन चिकटतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या स्वतःच्या मांडणीत पायऱ्या चार होत्या. त्सिलर आणि राइन या त्यांच्या अनुयायांनी त्यांच्या पाच केल्या, आणि त्या पाच पायऱ्या शिक्षक-प्रशिक्षणाच्या वर्गांतून जगभर गेल्या.

आणि त्या जपानलाही गेल्या. १८८७ मध्ये एमिल हाउसक्नेख्त हे जर्मन अध्यापक तोक्योच्या शाही विद्यापीठात आले आणि त्यांनी हर्बार्टचा विचार तिथे शिकवला. म्हणजे पुण्यातल्या अध्यापक विद्यालयातलं टाचण आणि तोक्योतलं शिदोआन एकाच घराण्यातलं आहे. मग पुढे वाटा कशा फुटल्या?

माझ्या समजुतीप्रमाणे कारण हे, की जपानमध्ये टाचण शिक्षकांच्या मधोमध राहिलं. त्याच मेजी काळापासून तिथल्या अध्यापन विद्यालयांना जोडलेल्या प्राथमिक शाळांत एकमेकांचे तास पाहण्याची आणि त्यांवर बोलण्याची पद्धत रुजली. तिला 'जुग्यो केन्क्यू' म्हणतात. 'द टीचिंग गॅप' नंतर ती 'लेसन स्टडी' या नावाने जगभर पोचली. चार-सहा शिक्षक मिळून एकाच तासाचं नियोजन काही आठवडे करतात. पाठ्यपुस्तकं समोर ठेवून, तोच घटक दुसऱ्या प्रकाशकाने कसा मांडलाय, आदल्या वर्षी मुलं काय शिकलीत, पुढच्या वर्षी हे कशाला लागणार, हे सगळं खणून काढतात. मग त्यांच्यातला एक जण तो तास प्रत्यक्ष घेतो आणि बाकीचे वर्गात उभे राहून पाहतात.

ते काय पाहतात, ते महत्त्वाचं आहे. त्यांच्या हातात टाचणाची प्रत आणि मुलांच्या बैठकीचा आराखडा असतो. त्यांची नजर मुलांच्या वह्यांवर असते. या मुलीने काय लिहिलं, काय खोडलं, शेजारच्याचं बोलणं ऐकून पुन्हा काय लिहिलं. अडलेल्या मुलाला मदत करायची नाही, कारण तसं केलं तर टाचणातला अंदाज खरा होता की खोटा हे कळणारच नाही. तास संपल्यावर सगळे बसतात. ज्याने तास घेतला तो आधी बोलतो. चर्चा त्याच्या आवाजावर किंवा अक्षरावर घसरत नाही, कारण तास सगळ्यांनी मिळून रचलेला असतो. फसला तर अंदाज सगळ्यांचा फसला. त्सुकुबा विद्यापीठाच्या तोक्योतल्या प्राथमिक शाळेत असे जाहीर तास होतात, तेव्हा देशभरातून हजारो शिक्षक ते पाहायला येतात.

फळ्याचंही तसंच. जपानी टाचणात बहुधा फळ्याचाच वेगळा आराखडा असतो. फळ्यावरच्या लेखनाला तिथे 'बान्शो' म्हणतात. डावीकडे प्रश्न, मध्ये मुलांच्या वेगवेगळ्या रीती, बऱ्याचदा त्या त्या मुलाच्या नावासह, उजवीकडे शेवटी सगळ्यांनी मिळून काढलेलं सार. तास संपेपर्यंत काही पुसायचं नाही. स्टिग्लर आणि हीबर्ट यांच्या ध्यानात आलं, की अमेरिकी शिक्षक प्रक्षेपक वापरून मुलांचं लक्ष त्या क्षणी चाललेल्या गोष्टीकडे वेधतात, तर जपानी शिक्षक फळा वापरून सबंध तासाची नोंद डोळ्यांपुढे ठेवतात. विसाव्या मिनिटाला वाट चुकलेल्या मुलाला पाचव्या मिनिटापाशी परत जाता येतं, तेही कोणाला न विचारता. हे वाचल्यापासून मी कोणत्याही वर्गातला फळा पाहिला, की तिथे काय काय पुसलं गेलं असेल, याचा विचार करते.

आपल्या शिक्षकांमध्ये ही कुवत नाही असं कोणी म्हटलं, तर मला ते मुळीच मान्य नाही. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी काम केलं, तेव्हा गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून शाळाच कुरणावर नेली. मूल कुठे आहे तिथून सुरुवात करणं याहून थोर नियोजन कोणतं असणार? आपल्याकडे टाचण वही आहे, पण बऱ्याच ठिकाणी ती तपासून घेण्याची वही झाली आहे. दर घटकाचे तेच हेतू, तेच साहित्य, शेवटी सही. लिहिणाऱ्याचा वेळ जातो आणि त्या वेळात मुलाचा विचार एकदाही मनात येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण केंद्रातले सगळे शिक्षक एकत्र येतात अशी शिक्षण परिषद आपल्याकडे आहे. तिथे परिपत्रकं वाचून झाल्यावर एक तास, एकाच घटकातल्या एकाच प्रश्नावर घालवता येईल.

उदाहरणार्थ, दशांश अपूर्णांक. ४.८ मोठा की ४.६३? बरीच मुलं ४.६३ म्हणतात, कारण ६३ हे ८ पेक्षा मोठे. त्यांच्या डोक्यात पूर्ण संख्यांचा नियम आहे: जास्त अंक, मोठी संख्या. हा प्रश्न त्यांना अचूक पकडतो. पण वर्गात आणखी एक गट असतो. त्यांना कळलेलं असतं, की शतांश हा दशांशाहून लहान असतो. त्यावरून त्यांनी मनाशी ठरवलेलं असतं, की दशांशचिन्हापुढे अंक जितके जास्त तितकी संख्या लहान. ही मुलं ४.८ असं बरोबर उत्तर देतात. शिक्षक पुढे जातात. चूक तशीच मागे राहते, बरोबर उत्तराच्या आड लपून.

म्हणून जोडीला दुसरा प्रश्न लागतो: ५.७३६ मोठा की ५.६२? आता पहिला गट ५.७३६ हे उत्तर देऊन सुटतो आणि दुसरा गट ५.६२ म्हणून सापडतो. दोन्ही प्रश्न एकत्र दिले, तर चार आकड्यांवरून शिक्षक ओळखू शकतात, की कोणाच्या मनात कोणता नियम चालू आहे. ज्यांची दोन्ही उत्तरं बरोबर असतील त्यांना विचारावं, ४.८ आणि ४.८० मध्ये मोठा कोणता. पहिल्या गटाच्या हातात शंभर चौकटींचा कागद द्यावा आणि आठ दशांश रंगवायला सांगावं. ऐंशी चौकटी रंगतात, आणि त्रेसष्टशी तुलना मूल आपण होऊन करतं. दुसऱ्या गटाला मात्र तो कागद पुरणार नाही. त्यांच्यासाठी संख्यारेषा हवी, ५.६ आणि ५.८ यांच्यामधली, आणि तिच्यावर ५.७३६ कुठे बसतो हे खडूने दाखवायला त्यांच्यातल्याच एकाला फळ्यापाशी बोलवायचं.